बनुबाईची विमानातली माणसं

उंब्रजजवळ हायवेच्या सर्व्हिस रोडला बनुबाईची चहाची टपरी आहे. वर पत्रा, खाली चार बाकडी, मागं घर आणि घराच्या मागं ऊस. चहा, कांदाभजी आणि कुणी आधी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी. गेली अठरा वर्षं हेच चाललंय. नवरा आकाराम फौजेत फिटर होता. तो हवालदार होऊन परत आला, तोवर बनुबाईनं ऊसही सांभाळला होता आणि टपरीही उभी केली होती.

बनुबाई वाघाला भिणारी नव्हती, पण कुत्र्याला भ्यायची. त्याला कारण होतं. वडूजकडं माहेरी असताना, सात वर्षांची असेल, तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. वडील तिला रोज सायकलवर पुढं बसवून दवाखान्यात न्यायचे, आणि चौदाही दिवस ती सगळ्या रस्त्यानं रडायची. त्यानंतर कुत्रं दिसलं की तिचे पाय जागच्या जागी थिजायचे. लग्नाच्या वरातीत बँडपुढं एक कुत्रं आडवं आलं, तेव्हा नव्या नवरीनं भरगावात नवऱ्याचा दंड असा धरला की सासूनं आठ दिवस तेवढंच सांगितलं.

अशा बाईच्या हातून पुढं जे घडलं, ते तिला आधी कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला टपरीवरून उठवून लावलं असतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पौष महिना, कारखान्याचा हंगाम जोरात. आकाराम उसाच्या ट्रॉलीबरोबर कारखान्यावर गेलेला. दुपारी टपरीसमोर एका भरधाव गाडीनं एका पिवळट कुत्रीला उडवलं आणि गाडी न थांबता निघून गेली. कुत्री पुढच्या दोन पायांवर सरपटत टपरीमागच्या जळणाच्या ढिगापाशी गेली आणि तिथं पडून राहिली. चहा पीत बसलेल्या एकानं मान वळवून बघितलं आणि म्हणाला, "सकाळपातुर जाईल ती. कशाला बगताय?"

सकाळी कुत्री जिवंत होती. बनुबाईनं लांबून पाहिलं. कुत्रीनंही तिच्याकडं पाहिलं. भुंकली नाही, गुरगुरली नाही, नुसती बघत राहिली. बनुबाईला ते बघणं सोसवेना. वाळवणाला लावलेला लांब वेळू तिनं काढला, जर्मनच्या वाटीत पाणी ओतलं आणि वेळूच्या टोकानं वाटी ढकलत ढकलत तिच्यापर्यंत नेली. कुत्रीनं सगळी वाटी चाटून पुसून काढली. मग भाकरीचा तुकडाही तसाच गेला.

चार दिवस वेळूनं चाललं. पाचव्या दिवशी वेळू शेजाऱ्यानं मागून नेला, म्हणून तिनं झाडणीचा दांडा घेतला. मग उलथनं. पंधरा दिवसांनी एक दिवस भाकरी थेट हातातून गेली, आणि गेल्यावर बनुबाईच्या ध्यानात आलं की आपण जमिनीवर उकिडव्या बसलोय आणि कुत्रीचं तोंड आपल्या गुडघ्यावर आहे. तिला दरदरून घाम फुटला. पण ती उठली नाही.

"ठमी," ती म्हणाली. का म्हणाली ते तिलाही सांगता यायचं नाही. नाव मात्र तेच पडलं.

ठमीच्या मांडीच्या जखमेत अळ्या दिसल्या, तेव्हा बनुबाईनं संयोगिताला फोन लावला. संयोगिता कराडची जनावरांची डॉक्टर, तिशीची पोरगी. गावोगाव म्हशी तपासत फिरायची आणि जाता-येता टपरीवर चहाला थांबायची. कराडच्या बाहेर एका शेडमध्ये तिनं वीस-बावीस जायबंदी कुत्री ठेवली होती, हे बनुबाईला तेव्हाच कळलं.

संयोगितानं जखम धुतली, पाठीवरून बोटं फिरवली, मागचे पंजे चिमटून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला.

"मावशी, कणा मोडलाय. मागचे पाय आता कधीच यायचे नाहीत. लघवीसुद्धा तिची तिला होणार नाही, दिवसातून चार वेळा हातानं पोट दाबून काढावी लागेल. तुम्ही म्हणत असाल तर तिला शांतपणे झोपवता येईल. त्यात पाप नाही."

बनुबाईनं ठमीकडं बघितलं. ठमी शेपटी हलवू शकत नव्हती, पण कान हलवत होती.

"डाक्टरबाई, ती भाकरी मागून घेती," बनुबाई म्हणाली. "जिला भूक लागती, ती काय मराय न्हाई बसल्याली. पोट कसं दाबायचं ते दावा मला."

ती ते शिकली. सकाळी चूल पेटवायच्या आधी, दुपारी, तिन्हीसांजेला आणि निजताना. आकाराम पहिले काही दिवस नुसता करवादला. "कुत्र्याला भिऊन माज्या आड लपणारी बाई तू, आन् आता दवाखाना काढलायस व्हय?" पण एक दिवस तो दुपारभर गोठ्यात खुडबुडत बसला आणि संध्याकाळी एक गाडा घेऊन बाहेर आला. प्लास्टिकच्या पाइपची चौकट, जुन्या बेअरिंगची चाकं, पोटाखाली त्याच्याच फौजी पट्ट्याचं कापड. ठमीचं मागचं अंग त्यात अडकवलं. ती क्षणभर गोंधळली आणि मग जी सुटली ती थेट उसाच्या बांधापर्यंत. आकाराम मागून ओरडत पळाला, "आगं ब्रेक न्हाईत त्याला!"

त्या दिवशी टपरीवरची सगळी माणसं उभी राहून हसली. संयोगितानं मोबाइलवर ते सगळं टिपलं.

तो व्हिडिओ कुठून कुठं फिरत गेला कोण जाणे, पण शिमगा झाल्यावर संयोगिता एक अजब निरोप घेऊन आली. नेदरलँड्स नावाच्या देशात आनेके म्हणून एक बाई आहे. तिच्याकडं असंच चाकांच्या गाड्यावर चालणारं कुत्रं होतं, ते म्हातारं होऊन गेलं. तिला ठमी हवी आहे.

"हवी हाय म्हंजी?" बनुबाईनं विचारलं. "तिकडं कुत्री न्हाईत?"

"रस्त्यावर नाहीत. ज्यांना पाळायचं असतं ते असं मागून घेतात. आपल्याकडं धडधाकट पिल्लाला घर मिळतं, मावशी, पण ठमीसारखीला कोण घेणार? माझ्या शेडमधून आधी दोघं गेलेत तिकडं."

"कुत्री खात्यात-बित्यात का काय तिकडची लोकं?"

संयोगिता हसून लोळायची राहिली. मग तिनं सरळ फोनच लावला. पडद्यावर पिकल्या केसांची, लाल गालांची एक बाई आली. ती काय बोलत होती ते बनुबाईला कळेना, संयोगिता सांगत होती. आनेकेनं घर दाखवलं, अंगण दाखवलं. मग आनेकेनं एक प्रश्न विचारला आणि संयोगितानं तो मराठीत सांगितला.

"त्या विचारतायत, दिवसातून किती वेळा पोट दाबता? आणि शेवटचं किती वाजता?"

बनुबाई पुढं सरकली. घर, अंगण, फुलं कुणीही दाखवील, तिला वाटलं. पण हे ज्यानं केलंय त्यालाच सुचतं. "चार येळा म्हणून सांगा," ती म्हणाली. "आन् डाव्या कुशीवर घेतली की लवकर व्हतं म्हणावं."

फोन ठेवल्यावर ती बराच वेळ ठमीच्या डोक्यावरून हात फिरवत बसली. ठमीला द्यावंसं तिला अजिबात वाटत नव्हतं. पण गाडा मिळाल्यापासून ठमी दोनदा सर्व्हिस रोडवर एसटीच्या मागं पळाली होती. एकदा तर ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून वाचली. आणि पावसाळ्याच्या चिखलात ती चाकं चालणार नव्हती.

"अनुबाईला सांगा," ती शेवटी म्हणाली, "पाठवती म्हणून." आनेकेचं अनुबाई तिनं त्याच दिवशी करून टाकलं.

पाठवणं म्हणजे टपाल नव्हे. ठमीच्या मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसली. लस दिली, महिन्यानं रक्त काढून परदेशी तपासणीला पाठवलं, ते चांगलं आलं, आणि मग नियमानं आणखी तीन महिने थांबायचं. गावात ही बातमी चवीनं चघळली गेली. टपरीवर एक जण म्हणाला, "आमाला अजून पासपोर्ट न्हाई गड्या, आन् ठमीची फाइल झाली!" बनुबाईनं ते ऐकलं आणि त्याचा चहा मुद्दाम पाणचट केला.

शेवटची अडचण मात्र सगळ्यात मोठी होती. कुत्रं एकटं पाठवायचं तर फार यातायात. पण त्याच विमानानं जाणारा एखादा प्रवासी त्याला आपल्याबरोबर दाखवायला तयार झाला, तर काम पुष्कळ सोपं होतं. प्रवाशानं विमानतळावर कागद दाखवायचे, पिंजरा सोपवायचा, तिकडं उतरून पिंजरा ताब्यात घ्यायचा आणि घ्यायला आलेल्यांच्या हाती द्यायचा. असा एक पोरगा ठरला होता. यशराज, पाटणचा, शिकायला निघालेला. पण ऐनवेळी त्याचं जाणं सहा महिने पुढं गेलं. संयोगितानं सगळीकडं विचारून पाहिलं, कुणी मिळेना.

"डाक्टरबाई, ईमानात जाणारी मानसं मुंबैला जात्यात न्हवं?" बनुबाईनं विचारलं.

"हो."

"मग ती हितनंच जात्यात की. कोल्हापूर, सांगली, कराड, समद्यांचा रस्ता ह्योच."

आणि बनुबाईनं टपरीवर बसून विमानाची माणसं ओळखायला सुरुवात केली. पंधरा वर्षं तिनं येणारी-जाणारी गिऱ्हाइकं बघितली होती, पण या नजरेनं कधी बघितली नव्हती. गाडीच्या टपावर मोठ्या बॅगा, बॅगेच्या मुठीला लाल रिबीन नाहीतर नाडी, खोक्यावर मोठ्या अक्षरात नाव, एक जण नवेकोरे बूट घातलेला, आणि एक आई, जी चहा घेते पण पीत नाही. अशी गाडी दिसली की बनुबाई चहा घेऊन स्वतः जायची.

"ईमानाला निघालायसा? कुटं?"

कुणी दुबई म्हणायचं, कुणी अमेरिका. कुणी हसायचं. एकानं तर खिडकीची काचच वर केली. एका बाईनं मात्र नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आम्ही आजच निघालोय, आता कसं जमेल?" तेव्हा बनुबाईच्या ध्यानात आलं की चुकीच्या माणसांना विचारतोय आपण. ज्याचं निघायचं अजून बाकी आहे, तो पाहिजे.

गणपती नुकतेच बसून उठले होते. दुपारी एक पांढरी गाडी थांबली. साठीपुढचं जोडपं उतरलं. नवरा सुमंत, बायको क्षमा, दोघं सांगलीची. टपावर काही नव्हतं. पण क्षमाताईंच्या मांडीवर प्लास्टिकची फाइल होती, आणि त्या पुन्हा पुन्हा त्यातले कागद मोजत होत्या.

बनुबाईनं चहा ठेवला. "ताई, रागवू नगा. ह्ये परदेसाचं कागद हायत का?"

क्षमाताई दचकल्या. "हो. व्हिसाचं करून आलो मुंबईहून. आमची सई असते नेदरलँड्सला. तिचं बाळंतपण आहे डिसेंबरात."

बनुबाईनं किटली खाली ठेवली. "कंच्या गावाला म्हनलासा?"

सगळं सांगायला तिला अर्धा तास लागला. सांगता सांगता तिनं ठमीलाच बाहेर आणलं, आणि क्षमाताई बाकड्यावर पाय वर घेऊन बसल्या.

"अहो, मला कुत्र्यांची फार भीती वाटते," त्या जवळजवळ रडत म्हणाल्या.

"मला बी," बनुबाई म्हणाली, आणि तिथंच खाली बसून तिनं चौदा इंजेक्शनांपासून वेळूपर्यंतची सगळी हकिकत त्यांना सांगितली. हकिकत संपेस्तोवर क्षमाताईंचा एक पाय खाली आला होता.

सुमंतराव बँकेत पस्तीस वर्षं सह्या तपासत बसलेला माणूस. ते म्हणाले, "बाई, तुमचा हेतू चांगला आहे. पण परक्याचा पिंजरा माझ्या नावावर. उद्या त्यात काही भलतंच निघालं तर? मी न वाचता कशावर सही करत नाही."

"मग वाचा की साहेब," बनुबाई म्हणाली. "समदं वाचा. डाक्टरबाई दावत्याल."

आणि सुमंतरावांनी खरंच वाचलं. संयोगिता सांगलीला जाऊन त्यांना भेटली. त्यांनी लसीचा दाखला, रक्ताचा अहवाल, चिपचा आकडा, विमान कंपनीची नियमावली, सगळ्याच्या प्रती काढून घेतल्या आणि पेन्सिलीनं खुणा केल्या. आनेकेशी फोनवर बोलले. संयोगितानं त्यांच्यादेखत पिंजऱ्याचा पत्रा न् पत्रा उलगडून दाखवला. आठव्या दिवशी त्यांनी स्वतः टपरीवर फोन केला. "बनुबाई, आम्ही नेतो तिला."

बनुबाईनं फोन आकारामच्या हातात दिला आणि पदर डोळ्याला लावला. तो म्हणाला, "जय हिंद साहेब," आणि फोन ठेवून दिला.

निघायच्या आधी क्षमाताई दोनदा सांगलीहून मुद्दाम उंब्रजला आल्या, ठमीची ओळख व्हावी म्हणून. पहिल्या खेपेला लांबून बिस्कीट टाकलं. दुसऱ्या खेपेला ठमीनं त्यांच्या चपलेवर डोकं ठेवलं आणि त्या तशाच पाय न हलवता तासभर बसल्या, मुंग्या आल्या तरी.

नोव्हेंबरात, संध्याकाळच्या विमानासाठी, पहाट फुटताच दोन गाड्या निघाल्या. एकीत सुमंतराव आणि क्षमाताई, दुसरीत संयोगिता, बनुबाई आणि ठमी. आकाराम आला नाही. "मोटार चालू कराय पायजे, उसाला पानी हाय," म्हणाला. पण विहिरीवरची मोटार बराच वेळ सुरू झाल्याचं कुणी ऐकलं नाही.

विमानतळ बनुबाईनं पहिल्यांदाच पाहिला. दाराबाहेर एका कोपऱ्यात तिनं ठमीला डाव्या कुशीवर घेतलं, शेवटचं पोट दाबलं, लंगोट बांधला. येणारे-जाणारे बघत होते, तिला कुणाची पर्वा नव्हती. मग ठमीला पिंजऱ्यात ठेवलं आणि ती म्हणाली, "जा बया. नीट ऱ्हा. अनुबाईला तरास दिऊ नगंस." ठमी ओरडली नाही. जाळीतून नाक बाहेर काढून तिनं बनुबाईचा अंगठा चाटला. दाराच्या आत तिकीट असणाऱ्यांनाच जाता येतं. काचेतून बनुबाईला ढकलगाडीवरचा पिंजरा थोडा वेळ दिसला, मग माणसांच्या गर्दीत दिसेनासा झाला.

आत काय झालं ते तिला क्षमाताईंनी नंतर सांगितलं, आणि ते ती आजही प्रत्येकाला सांगते.

काउंटरवरच्या अधिकाऱ्यानं पिंजऱ्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाला, हे कुत्रं नेता येणार नाही. नियम असा आहे की जनावराला पिंजऱ्यात उभं राहता आलं पाहिजे, आणि हे तर उभंच राहत नाही. रांगेतली मागची माणसं चुळबुळायला लागली. क्षमाताईंना वाटलं, आता हे म्हणणार, राहू दे, बाहेर देऊन येऊ.

पण सुमंतरावांनी शांतपणे पिशवीतून कागद काढला. पेन्सिलीची खूण केलेलं पान उघडलं, चष्मा लावला आणि सगळी रांग ऐकेल असं वाचलं. मग म्हणाले, "साहेब, उभं राहता येईल इतकी पिंजऱ्याची उंची हवी, असं इथं लिहिलंय. उंची मोजून घ्या. कुत्र्यानं उभं राहिलंच पाहिजे, असं कुठल्या ओळीत आहे ते मला दाखवा. हा पशुवैद्यकांचा दाखला, ती प्रवासाला योग्य आहे म्हणून. हा सरकारी शिक्का. मी पस्तीस वर्षं असले कागद वाचलेत. तुम्हीही वाचा, मी थांबतो."

अधिकाऱ्यानं वाचलं. वरिष्ठांना बोलावलं, त्यांनीही वाचलं. पट्टीनं पिंजरा मोजला. पाऊण तास गेला. मग वरिष्ठ म्हणाले, "काका, बरोबर आहे तुमचं," आणि पिंजऱ्यावर विमान कंपनीची चिठ्ठी चिकटली.

बाहेर बनुबाई कठड्याला टेकून बसली होती. फोन वाजला आणि क्षमाताई म्हणाल्या, "घेतलं हो तिला!" बनुबाईनं त्या काचेच्या दाराकडं तोंड करून दोन्ही हात जोडले. संयोगितानं विचारलं, "देवाला का मावशी?" तर ती म्हणाली, "देव हायच. पर ह्ये सुमंतसाहेबाला."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. दारातून क्षमाताई ढकलगाडी लोटत बाहेर येतायत आणि त्यांचे केस विस्कटलेले, पातळ चुरगळलेलं, पण मान ताठ. आनेके धावत येते, पिंजऱ्यापाशी जायच्या आधी क्षमाताईंना मिठी मारते आणि रडते. "माझी सई तिथंच उभी होती हो पोट सांभाळत," क्षमाताई फोनवर सांगत होत्या, "पण लेकीच्या आधी तिनंच मला कवटाळलं. माझ्या गळ्यात पडून कुणी एवढं कधी रडलं नव्हतं, बनुबाई. मी काय केलं होतं? नुसती बसून गेले होते."

पुढं ठमीचे व्हिडिओ येत राहिले. तिकडं तिला नवा, चकचकीत गाडा मिळाला. टपरीवरची गर्दी वाहवा करत होती, आकारामनं मात्र तो तीनदा बघितला आणि नाक मुरडलं. "चाकं म्होरं घ्याय पायजेत. वजन म्हागं पडतंय. तिचा खांदा दुकंल." त्यानं वहीच्या पानावर चित्र काढलं, माप घातलं, संयोगितानं ते पाठवलं. महिन्याभरानं आनेकेच्या नवऱ्यानं चाकं दोन बोटं पुढं घेतल्याचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, हवालदारसाहेबांना धन्यवाद. आकारामनं तो फोटो कुणाला दाखवला नाही. पण तो त्याच्या मोबाइलमध्ये अजून आहे.

सईला मुलगा झाला. फेब्रुवारीत सुमंतराव आणि क्षमाताई परतले, तेव्हा मुंबईहून सांगलीला घरी जायच्या आधी गाडी उंब्रजला थांबली. बनुबाई भजी तळत होती. क्षमाताईंनी तिचे पिठाचे हात तसेच धरले.

"बनुबाई, मला तिकडं एकटीनं बाहेर पडायची भीती वाटायची. भाषा येत नाही, रस्ते कळत नाहीत. पण दर रविवारी ठमीला बघायला जायचं म्हणून मी आगगाडीनं जायला शिकले. एकटी. सईसुद्धा थक्क झाली. हे तुमच्यामुळं."

"माज्यामुळं काय? उपकार तुमचं," बनुबाई म्हणाली. "तुमी नसता तर ती आज ट्रकाखाली असती."

दोघी एकमेकींचे आभार मानत तिथंच उभ्या राहिल्या, आणि कढईतली भजी करपली.

तेव्हापासून आजवर बनुबाईनं टपरीवर बसून नऊ कुत्र्यांना सोबत मिळवून दिली. तीन पायांची, आंधळी, एक जबडा मोडलेली. सगळं सुरळीत झालं असं नाही. काळू म्हणून एक होता, त्याचे तीन महिने संपायला आठ दिवस उरले असताना तो गेला. त्याला घेऊन जायला तयार झालेल्या अंकिता नावाच्या पोरीला बनुबाईनंच फोन करून ते सांगितलं. ती पोरगी म्हणाली, "मावशी, मग दुसरं कुणी आहे का? माझं तिकीट आहेच." बनुबाईला तिचं हे बोलणं विसरता येत नाही. अंकिताबरोबर मग एक आंधळी म्हातारी कुत्री गेली आणि तिनं तिकडं दोन हिवाळे शेकोटीजवळ काढले. पाटणच्या यशराजचं जाणं सहा महिन्यांनी ठरलं, तेव्हा त्यानं आपण होऊन फोन केला, "मावशी, माझं राहिलंय द्यायचं," आणि तो एक कुत्रं घेऊन गेला. सुमंतराव आता नव्या प्रवाशांचे कागद बघून देतात. कुणी बिचकलं की त्याला फोनवर सांगतात, "शंका विचारा. शंका विचारल्याशिवाय नेऊच नका."

आणि जी बरी होऊन धडधाकट होतात त्यांना बनुबाई इथंच वस्त्यांवर घरं बघते. शेडमधली निम्मी अशी गेली.

यंदा तोडणी उरकल्यावर तिच्या मनात आलं की या माणसांना एकदा जेवू घालावं. तिनं एकेकाला स्वतः फोन केले. सुट्टीला आलेली आली, जी परदेशी होती त्यांचे आईवडील आले. वडूजचा शिवतेज आला, कराडहून संयोगिता, सांगलीहून क्षमाताई, सुमंतराव, आणि सई दोन वर्षांच्या लेकाला घेऊन आली. टपरी त्या दिवशी बंद. गोठ्यासमोर सारवलेल्या अंगणात पंगत बसली. वांग्याची भाजी, बाजरीची भाकरी, ठेचा, गुळवणी.

संयोगिता म्हणाली, "मावशी, दोन शब्द बोला."

बनुबाई उभी राहिली. माणसांकडं बघितलं. तिनं भाकरीची टोपली उचलली आणि वाढायला सुरुवात केली. प्रत्येक पानापाशी थांबायची, भाकरी ठेवायची आणि नाव घ्यायची. "ह्यांनी आमचा बाजी नेला." पुढच्या पानाला, "ह्यांच्या लेकीनं चिंगी नेली, मांडीवर बसल्यागत जपून." क्षमाताईंच्या पानापाशी आली आणि तिनं नुसती टोपली पुढं धरली. क्षमाताईंनी वर बघून टोपलीतली भाकरी आपणच उचलून घेतली.

शिवतेजनं नेलेली कुत्री तिकडं कशी आहे हे त्याला त्यानंतर कधी कळलंच नव्हतं. संयोगितानं त्याला मोबाइलवर दाखवलं. तीन पायांची चिमणी समुद्राच्या वाळूत एका म्हाताऱ्याच्या पुढं पळत होती. शिवतेज मोबाइल हातात धरून तसाच बघत बसला. "मी विमानात नुसता झोपलो होतो ओ," तो म्हणाला. "मला वाटलं, आपण काय केलं."

आकाराम लग्न झाल्यापासून पंगतीत कधी वाढायला उभा राहिला नव्हता. घरच्या लग्नातही तो मांडवाच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. त्या दिवशी त्यानं टोपी काढून खुंटीला अडकवली, धोतराचा सोगा खोचला, ताकाची कळशी आणि तांब्या घेतला आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. प्रत्येकापुढं वाकायचा, पेला भरायचा, आणि कुणाला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात म्हणायचा, "लय केलंसा. लय केलंसा."

"आवं, सईताईचं ऱ्हायलं की," बनुबाई चुलीपासून ओरडली.

"आलो आलो," म्हणत आकाराम कळशी घेऊन माघारी फिरला.